राखणीचे कुत्रे : आधी घर पाहावे, मग जात



मक्याची कणसे अंगणात येऊन पडली, कापसाची वेचणी घरात आली, अद्रकाचे पीक काढणीला आले, की आमच्या वेरूळ-खुलताबाद भागात एक प्रश्न हटकून विचारला जातो. प्रश्न खताचाही नसतो आणि फवारणीचाही नसतो. "साहेब, राखणीला कुत्रे ठेवायचे आहे. कोणत्या जातीचे घ्यावे?" असा तो प्रश्न असतो.

प्रश्न रास्त आहे. पूर्वी सगळी घरे गावात एकमेकांना लागून होती. एका घरी खुट्ट वाजले तर चार घरे जागी होत. आता ज्याचे त्याचे घर ज्याच्या त्याच्या शेतात आहे. विहिरीवरची मोटार, केबल, स्टार्टर, गोठ्यातल्या शेळ्या, घरातला कापूस या सगळ्यांची राखण दोन-चार माणसांवर आली आहे. त्यात जिथे अजून रात्रीच्या लाईटवर पाणी द्यावे लागते, तिथे घरधनी शेतात आणि घरी फक्त बायका-मुले, अशी अवस्था होते. तेव्हा दारात कुत्रे हवेच.

पण कोणते कुत्रे, याचे उत्तर मी जातीच्या नावाने देत नाही. तुम्ही बियाणे घ्यायला जाता तेव्हा आधी आपली जमीन पाहता. काळ्या जमिनीला एक वाण आणि मुरमाड माळाला दुसरे, हे तुम्हाला कुणी शिकवावे लागत नाही. कुत्र्याचेही तसेच आहे. आधी आपले घर पाहावे, घराला लागणारे काम पाहावे आणि मग जात ठरवावी.

राखण म्हणजे भुंकणे, चावणे नव्हे

पहिली गोष्ट ध्यानात घ्या. राखणीच्या कुत्र्याचे खरे काम आवाज देण्याचे आहे. चोराला अंधार हवा असतो आणि शांतता हवी असते. कुत्र्याने शांतता मोडली, घरात दिवा लागला, कुणी खाकरले, की त्याचे अर्धे काम तिथेच फसते. त्यासाठी कुत्रे वाघासारखे दिसण्याची गरज नाही. ते जागे असावे, कान तिखट असावेत आणि घरचा कोण, परका कोण हे त्याला कळावे, एवढे पुरे.

उलट चावरे कुत्रे चोराला क्वचितच सापडते. सापडतात ती दूध घालायला आलेला मुलगा, लाईटचे रीडिंग घ्यायला आलेला माणूस, शाळेतून येणारी शेजारची पोर आणि काठी टेकत येणारी आजी. त्यात कायदाही आहे. आपल्या जनावरापासून माणसाला इजा होऊ नये याची काळजी मालकाने घेतली नाही, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. "कुत्र्याने चावले, मी काय करू?" हे उत्तर चालत नाही.

काही जण कुत्रे कडक व्हावे म्हणून त्याला दिवसभर अंधाऱ्या खोलीत बांधतात, मुद्दाम डिवचतात, उपाशी ठेवतात. असे कुत्रे शूर होत नाही, भित्रे होते. आणि भित्र्या कुत्र्याचा चावा सगळ्यात वाईट, कारण तो कधी आणि कुणाला होईल हे त्यालाही माहीत नसते.

आपले घर कोणत्या प्रकारचे?

आमच्या भागापुरते बोलायचे तर घरे तीन प्रकारची आहेत. तुमच्या गावालाही हाच हिशेब थोड्या फरकाने लागू पडेल.

पहिले, रस्त्याकाठचे किंवा गावातले घर. वेरूळला लेणी पाहायला वर्षभर माणूस येतो. श्रावणात आणि महाशिवरात्रीला घृष्णेश्वराच्या दर्शनाला रीघ लागते. कुणाचे हॉटेल आहे, कुणाची पेरू-सीताफळाची पाटी आहे. अशा घरी दिवसातून पन्नास परके येतात. तिथे शांत, माणसाळलेले आणि फक्त रात्री सावध असणारे कुत्रे हवे. तापट जात अशा घरी आणणे म्हणजे विकतचे संकट.

दुसरे, शेतातली एकटी वस्ती. तिथे परका माणूस क्वचित येतो. म्हणून कुत्रे सावध, लांबचे ऐकणारे आणि आपली हद्द सोडून न भटकणारे हवे. एकापेक्षा दोन कुत्री बरी. एक झोपले तर दुसरे जागे राहते.

तिसरे, डोंगराकडेचे घर, शेळ्या-मेंढ्या असलेले. तिथे चोराबरोबर बिबट्याचाही विचार करावा लागतो. त्याबद्दल पुढे सविस्तर सांगतो.

जाती आणि त्यांचे मूळ काम

प्रत्येक जात कुणीतरी कुठल्यातरी कामासाठी तयार केली आहे. ते काम कळले की जात आपल्या उपयोगाची आहे की नाही हे आपोआप कळते.

जर्मनीत लुई डॉबरमन नावाचा एक करवसुली करणारा माणूस होता. पैसे घेऊन फिरताना सोबत असावी म्हणून त्याने एकोणिसाव्या शतकात जी जात जोपासली, तिला त्याचेच नाव पडले. ज्याला आपण अल्सेशियन म्हणतो, ते जर्मन शेफर्ड मुळात मेंढ्या वळणारे. रॉटवायलर हे रॉटवाइल गावच्या खाटकांचे. गुरे हाकणे आणि मांसाच्या गाड्या ओढणे हे त्याचे काम. लॅब्रेडॉर पाण्यात पडलेली शिकार आणून देणारे. त्याचा स्वभाव इतका गोड की चोरापुढेही शेपूट हलवील.

ही कुत्री वाईट नाहीत. हुशार आहेत, पोलिसांत आणि लष्करात मोठी कामे करतात. पण तिथे त्यांना शिकवणारा माणूस असतो, रोजचा व्यायाम असतो आणि डॉक्टर असतो. आपल्याकडे त्यांना काय मिळते? साखळी आणि पत्र्याची सावली. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच ते अंग गार करते. मराठवाड्यात मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो. तेव्हा दाट दुहेरी केसांच्या अल्सेशियनचे काय होत असेल याचा विचार करा. रॉटवायलर आणि डॉबरमन ही बळकट कुत्री. त्यांना पहिल्या वर्षात नीट शिकवले नाही तर घरच्या बाईला साखळी आवरत नाही.

आमच्या तालुक्यातल्या एका वस्तीवर असेच महागडे पिल्लू आणले होते. वर्षभरात ते वासराएवढे झाले. त्याला सोडायला कुणी धजेना, म्हणून ते रात्रंदिवस बांधलेले. दिवाळीला मामाच्या घरी आलेला आठ वर्षांचा भाचा चेंडू आणायला त्याच्याजवळ गेला आणि त्याच्या गालाला टाके पडले. कुत्र्याला नावे ठेवून काय उपयोग? त्याला जे शिकवायला हवे होते, ते कुणी शिकवलेच नव्हते.

आता आपल्या देशी जाती पाहू. कारवानी कुत्रे तुम्ही पाहिले असेल. सडपातळ अंग, लांब पाय, लांब तोंड, खोल छाती. हेच मुधोळचे कुत्रे. मुधोळ हे कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यात आहे. तिथले राजे मालोजीराव घोरपडे यांनी ही जात नावारूपाला आणली. २००५ साली टपाल खात्याने चार भारतीय जातींच्या कुत्र्यांची तिकिटे काढली, त्यांत मुधोळही होते. २०१६ मध्ये लष्कराने मेरठच्या केंद्रात या कुत्र्यांना शिकवायला घेतले. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने ज्या देशी कुत्र्यांची जात म्हणून नोंद केली, त्यांत तमिळनाडूच्या राजपालयम आणि चिप्पीपराई यांच्याबरोबर मुधोळ आहे.

कारवानी कुत्र्याला आपले ऊन सोसते, आखूड केसांमुळे देखभाल कमी लागते आणि ते घरच्यांना धरून राहते. पण मुळात ते धावून शिकार धरणारे आहे. त्याला रोज मोकळे पळायला रान हवे. बांधून ठेवले तर झुरते आणि चिडते. आणखी एक गोष्ट. पूर्वी ही कुत्री सशामागे सोडत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो आता गुन्हा आहे. शिकारीच्या हौसेने कुणी हे कुत्रे घेऊ नये. राजपालयम घेणाऱ्यांनीही ध्यानात ठेवावे की या पांढऱ्या जातीत काही पिल्ले जन्मतः बहिरी निघतात. बहिरे कुत्रे राखण काय करणार? पिल्लू पाठमोरे असताना टाळी वाजवून पाहावे.

पॉमेरियन म्हणून आपल्याकडे जे मिळते ते बहुतेक भारतीय स्पिट्झ असते. आकार लहान, आवाज मोठा. गावातल्या घराला इशारा द्यायला ते चांगले. मात्र उन्हाळ्यात त्याला घरात गारव्याला ठेवावे लागते आणि केसांची निगा राखावी लागते.

मग गावठीचे काय?

माझे स्पष्ट मत असे की दहापैकी आठ शेतकरी घरांना गावठी कुत्रेच योग्य आहे. ते आपल्या मातीत, आपल्या उन्हात, आपल्या भाकरीवर पिढ्यानपिढ्या टिकलेले वाण आहे. जे दुबळे होते ते निसर्गाने केव्हाच बाजूला काढले, जे उरले ते काटक. अंग आटोपशीर, खाणे बेताचे, कान तिखट आणि हद्दीची जाणीव पक्की. खंडोबाच्या टाकावर घोड्याजवळ असते आणि दत्ताच्या पायाशी असतात ती कुत्री आपण रोज पुजतो. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन धावले, ही कथाही आपण मुलांना सांगतो. पण विकत घ्यायची वेळ आली की फुकट मिळते म्हणून त्याच कुत्र्याला कमी लेखतो.

गावठी म्हणजे मात्र रस्त्यावरून कोणतेही उचलून आणावे असे नाही. त्यातही निवड आहे.

पिल्लाच्या आधी त्याची आई पाहावी. आई शांत, सावध आणि अंगाने निरोगी असेल तर पिल्लू बहुधा तसेच निघते. शक्यतो ओळखीच्या घरचे पिल्लू घ्यावे. आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडू नये. आईचे दूध तर असतेच, पण भावंडांत खेळताना किती जोराने चावायचे याचा धडाही पिल्लू तिथेच घेते. डोळे स्वच्छ, नाक न वाहणारे, शेपटीखालची जागा कोरडी असावी. पोट नगाऱ्यासारखे फुगलेले असेल तर जंत समजावेत. जमिनीवर किल्ल्या टाकून पाहाव्यात. जे पिल्लू दचकते पण लगेच जवळ येऊन हुंगते, ते घ्यावे. जे कोपऱ्यात दडून बसते आणि बाहेरच येत नाही, ते राखणीला नको. जे सगळ्यांवर तुटून पडते, तेही लहान मुलांच्या घरी नको.

मादी नको, नरच हवा, हा हट्ट सोडावा. राखणीत मादी कुठेच कमी नसते, उलट घराला अधिक धरून राहते. पिल्लांची अडचण वाटते, तर पशुवैद्यांकडून तिची नसबंदी करून घ्यावी. मादी पिल्ले पोत्यात घालून वेशीबाहेर सोडतात आणि तीच पुढे भटकी होऊन गावाला त्रास देतात. हे पाप आणि हा त्रास दोन्ही टळतील.

पहिले तीन-चार महिने फार मोलाचे. या काळात पिल्लाला घरची माणसे, शेजारी, मुले, गुरे, ट्रॅक्टर, मोटारसायकल सगळे दाखवावे. ज्याची ओळख या वयात होते, त्याच्यावर ते मोठेपणी विनाकारण धावत नाही. "ये", "थांब" आणि "सोड" हे तीन शब्द घरातल्या सगळ्यांनी एकाच पद्धतीने शिकवावेत. मुलांनाही एक धडा द्यावा : कुत्रे खाताना, झोपलेले असताना किंवा पिल्लांजवळ असताना त्याच्या वाटेला जायचे नाही.

बिबट्याच्या भागात

कन्नडच्या गौताळा-औट्रमघाट अभयारण्यात बिबटे आहेत, आणि आपल्या डोंगररांगेला लागून असलेल्या वस्त्यांनी ही गोष्ट धरूनच चालले पाहिजे. कुत्रे बिबट्याला हुसकावील असे अनेकांना वाटते. वस्तुस्थिती उलट आहे. डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले भागात, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला. तेव्हा त्यांच्या खाण्यात वजनाने सुमारे ३९ टक्के वाटा एकट्या कुत्र्यांचा निघाला. म्हणजे अंगणात उघड्यावर बांधलेले कुत्रे हे बिबट्यासाठी वाढून ठेवलेले ताट आहे. साखळीला बांधलेल्याला पळताही येत नाही. आणि कुत्र्यासाठी आलेला बिबट्या आपल्या उंबऱ्यापर्यंत येतो, हे विसरू नये.

म्हणून अशा भागात रात्री कुत्र्याला मजबूत जाळीच्या, वरूनही बंद असलेल्या खोपीत ठेवावे. तिथून ते भुंकते, राखण होते आणि जीवही वाचतो. शेळ्यांच्या गोठ्यालाही वरून जाळी हवीच. हिमालयातले मेंढपाळ कुत्र्याच्या गळ्यात लोखंडी काट्यांचा रुंद पट्टा घालतात. तसा पट्टा आधाराला ठीक, पण खोपीची जागा तो घेऊ शकत नाही. मेलेली जनावरे आणि उष्टे-खरकटे वस्तीजवळ टाकू नये. त्यावर भटकी कुत्री जमतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो.

लस : यात चालढकल नको

मी शेतीचा माणूस आहे, पशुवैद्य नाही. औषधाची मात्रा तुमच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातूनच विचारून घ्या. पण वेळापत्रक प्रत्येकाला पाठ हवे. सहा ते आठ आठवड्यांच्या वयात पहिली लस, जी रक्ताची हगवण लावणाऱ्या पार्व्हो आणि डिस्टेंपर या रोगांपासून वाचवते. पुढचे डोस तीन-चार आठवड्यांच्या अंतराने. तीन महिन्यांचे झाले की रेबीजची लस, आणि नंतर डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे दरवर्षी. जंताचे औषध पिल्लाला वारंवार आणि मोठ्याला साधारण दर तीन महिन्यांनी.

रेबीज म्हणजे पिसाळण्याचा रोग. लक्षणे दिसू लागल्यावर त्यावर इलाज जवळजवळ नाहीच, मग तो माणूस असो वा बैल. पण चावल्याबरोबर योग्य उपचार केले तर जीव नक्की वाचवता येतो. १८८५ साली फ्रान्समध्ये लुई पाश्चर यांनी जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला लस देऊन वाचवले, तेव्हापासून हे ज्ञान जगाला आहे. तरीही आपल्याकडे जखमेवर हळद, चुना, तिखट लावतात, मंत्र घालून घेतात आणि मोलाचा वेळ घालवतात.

कुत्रे कुणाचेही असो, चावले किंवा नुसते ओरखडले तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. घड्याळ लावून धुवावी. लगेच सरकारी दवाखाना गाठावा. तिथे ही लस मोफत मिळते. डॉक्टरांनी दिलेल्या सगळ्या तारखांना सगळे डोस पूर्ण करावेत. जखम खोल असेल तर जखमेत द्यायचे वेगळे इंजेक्शन लागते, ते टाळू नये. चावणारे कुत्रे ओळखीचे असेल तर त्याला न मारता दहा दिवस नजरेखाली ठेवावे. पण दहा दिवस वाट पाहून मग लस, असे कधीही करू नये.

रोजची निगा

कुत्र्याला सतत आखूड साखळीला बांधणे हा १९६० च्या प्राण्यांशी क्रूरतेच्या कायद्याने गुन्हा आहे. दिवसातून दोनदा तरी त्याला मोकळे करावे. सावली आणि पाणी बाराही महिने हवे. भाकरी-ताकाबरोबर वरण, अंडे असे काही पौष्टिक द्यावे. कांद्या-लसणाची तिखट भाजी आणि शिजलेल्या कोंबडीची हाडे देऊ नयेत. त्या हाडांच्या काचा आतड्यात रुततात.

दोन चुका शेतकऱ्याच्या घरीच होतात, म्हणून मुद्दाम सांगतो. गोचिडांसाठी कपाशीवरचे औषध कुत्र्याच्या अंगाला चोळू नये. कुत्रे अंग चाटते आणि विष पोटात जाते. तसेच उंदरांसाठी झिंक फॉस्फाईडचे आमिष ठेवाल त्या दिवसांत कुत्र्याला शेतात सोडू नये. मेलेले उंदीर सकाळीच गोळा करून खोल पुरावेत.

शेवटी हिशेब

तेव्हा बंधू-भगिनींनो, कुत्रे घेण्याआधी घरातल्या सगळ्यांनी एकदा बसावे. दिवसाचे त्याला कोण सांभाळणार? घरात लहान मूल आहे का? दारात परके किती येतात? डोंगर किती जवळ आहे? पुढची दहा-बारा वर्षे त्याचे खाणे, लस आणि औषधपाणी निभेल का? बहुतेक वेळा ही सगळी देखरेख घरच्या बाईवर पडते. म्हणून तिची पसंती आधी विचारावी.

या प्रश्नांची उत्तरे मिळाली की जातीचे उत्तर सोपे आहे. गावातल्या आणि रस्त्याकाठच्या घराला शांत गावठी किंवा स्पिट्झ. एकट्या वस्तीला गावठीची जोडी. ज्याच्याकडे मोकळे रान आणि वेळ आहे त्याला कारवानी. परदेशी जात फक्त त्यानेच घ्यावी, ज्याच्या घरी तिला रोज तासभर देणारा आणि शिकवणारा माणूस आहे. जातिवंत पिल्लाला मोजायचे पैसे वाचले, तर त्यांतून आधी लस, मग जाळीची खोपी, मग गोठ्यावर एक दिवा आणि दाराला एक चांगली कडी करावी.

आणि शेजाऱ्याशी बोलणे ठेवावे. रात्री कुत्रे भुंकले की त्याने आपल्याकडे बॅटरी मारावी, आपण त्याच्याकडे. कुत्र्याचे काम हाक देण्याचे आहे, त्या हाकेला उठायला माणूस हवा.